पर्ल व्हाइट गाडी, बंपर मात्र पिवळट: अभ्रकाचे पर्ल रंग नक्की वागतात कसे?

मगरपट्टा_सिग्नल
नमस्कार मंडळी. गाडी पर्ल व्हाइट आहे. मागच्या महिन्यात सिग्नलला एका टेम्पोने मागून प्रेमाने ठोकलं, मग बंपर काढून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. वर्कशॉपच्या शेडमधे बघितलं तर एकदम मॅच, म्हटलं झकास, पैसे दिले, आणि बाहेर उन्हात आणली तर बंपर पिवळट! समोरून सरळ बघितलं की पांढराच, जरा बाजूला सरकून तिरकं बघितलं की दुधात हळद पडल्यासारखा. त्यांचं म्हणणं रंगाचा कोड तोच आहे, मशीनने शेड बनवलीये, पर्लमधे एवढं उन्नीस-बीस चालतं. आता मला भांडायचं तर आधी मुद्दा कळला पाहिजे ना. पर्ल म्हणजे अभ्रकाची पूड एवढंच ऐकून आहे. पूड पांढरी, खालचा रंग पांढरा, मग पिवळा आला कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा, शक्यतो दोन-तीन कोनांतून.

सदाशिव_दुपारी_बंद
साधा पांढरा घ्यायचा होता. आमच्या जुन्या गाडीचा बंपर कितीदा रंगवला, कोणाच्या बापाला कळलं नाही. मोत्याची हौस आहे तर नखरेही सोसा.

बूथ_नंबर_दोन
चाकणला पेंट शॉपमधे आहे (कंपनीचं नाव विचारू नका), त्यामुळे हा आमचा रोजचाच विषय. पहिली गोष्ट, पर्ल व्हाइट हा एक रंग नाही, तीन थरांचं काम आहे. खाली पांढरा बेस, त्याच्यावर जवळजवळ पारदर्शक पर्लचा मिड कोट, वर क्लिअर. कोड जुळला याचा अर्थ डब्यातला माल जुळला, बस. पॅनेलवर पर्लचे कोट किती बसले आणि त्यातले फ्लेक, म्हणजे अभ्रकाचे चपटे कण, आडवे झोपले की तिरके अडकले हे कोड सांगत नाही, ते गन धरणाऱ्याच्या हातावर आहे.

होतं काय, ओला कोट मारला की सॉल्व्हंट उडताना फिल्म आकसून खाली बसत जाते आणि फ्लेकलाही दाबून आडवं करते. तेच गन लांब धरली, हवा जास्त सोडली किंवा दुपारच्या उकाड्यात मारलं तर माल अर्धा वाळूनच पॅनेलवर पोचतो आणि फ्लेक जसे पडले तसेच राहतात. आडव्या फ्लेकवरून सगळा उजेड एकाच दिशेला परततो, तिरक्यांवरून कुठेही. म्हणून समोरून मॅच आणि बाजूने बोंब, याला आमच्यात फ्लॉप म्हणतात.

त्यात कारखान्यात बॉडी रंगते रोबोटवर, फिरत्या बेलने (पेंट उडवणारी गरगर फिरणारी वाटी) आणि इलेक्ट्रोस्टॅटिकने (विजेचा भार देऊन), आणि गॅरेजमधे हातातल्या गनने, म्हणजे तीच बादली दोन्हीकडे दिली तरी रंग दोन निघतील. आणि बंपर प्लास्टिकचा! पत्र्याची बॉडी १४० डिग्रीच्या आसपास भाजतात, बंपरला ८० च्या आसपासच, नाहीतर वाकडा होईल. त्यामुळे नव्याकोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडर पुष्कळदा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पेंटने रंगून आलेले असतात. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही एवढंच.

आमच्याकडे शेड पास करायला मल्टी-अँगल मीटर असतो, १५, २५, ४५, ७५, ११० अशा कोनांवर रीडिंग घेतात. तुमच्या वर्कशॉपवाल्याने शेडमधे उभं राहून एका कोनातून बघितलं, विषय संपला.

मगरपट्टा_सिग्नल
बूथदादा, फ्लेकचं समजलं. पण तिरके झाले तर फार तर मळका दिसेल ना? पिवळाच का? निळा किंवा गुलाबी का नाही?

निवृत्त_फिजिक्स
प्रश्न बरोबर पकडलात. थोडं गणित लागेल, बारावीच्या पुढचं नाही.

नुसतं अभ्रक वार्निशमधे टाकून बघा, जवळजवळ दिसतच नाही. कारण अभ्रकाचा अपवर्तनांक साधारण १.६ आणि वार्निशचा १.५, एवढ्याशा फरकाने उजेड परतणार किती? चमक येते ती अभ्रकावर चढवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरामुळे, त्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर. अभ्रक फक्त सपाट पाट म्हणून खाली. त्याच्या पापुद्र्यांची जाडी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे त्यांचे स्वतःचे रंग एकमेकांत मिसळून नाहीसे होतात, आणि उरतो तो टायटॅनियमच्या थराचा हिशेब.

थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परततो, खालच्यावरून थोडा. वरच्या ठिकाणी तो कमी अपवर्तनांकातून जास्तीत शिरतोय, म्हणून परतणारी लाट अर्ध्या तरंगाने उलटते. खालच्या ठिकाणी जास्तीतून कमीत, तिथे उलटत नाही. त्यामुळे जाण्यायेण्याचं अंतर, म्हणजे २ × अपवर्तनांक × जाडी, हे अर्ध्या तरंगलांबीएवढं भरलं की दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात, आणि पूर्ण तरंगलांबीएवढं भरलं की एकमेकींना मारतात.

आता आकडे घाला. थर ५५ नॅनोमीटरचा घ्या: २ × २.५ × ५५ = २७५. अर्धी तरंगलांबी २७५, म्हणजे ५५० नॅनोमीटरचा उजेड जोरात परतणार. ५५० म्हणजे दृश्य पट्ट्याचा मधला भाग, आणि हा पहिल्या क्रमांकाचा उंचवटा इतका पसरट असतो की बाजूचे रंगही भरपूर येतात, म्हणून दिसते चांदी. थर ८० केला की २ × २.५ × ८० = ४००, म्हणजे ४०० चा जांभळा-निळा मेला, उरलं सोनेरी. १०० केला तर ५०० मेला, आली लाल-किरमिजी छटा. १२० ला ६०० चा नारिंगी मरतो आणि ४०० जोर धरतो (दीड तरंगलांबी भरली तरी लाटा साथच देतात), म्हणजे निळा. १६० च्या आसपास हिरवा. पदार्थ एकच, पांढऱ्या डिस्टेंपरमधे असतो तोच, फक्त जाडी बदलत गेली.

आणि आता तुमचा पिवळा. हे थर उजेड खात नाहीत, वाटणी करतात. जो रंग परतला तो वर गेला, उरलेला खाली उतरला. निळा परतवणाऱ्या फ्लेकमधून खाली उतरतो तो त्याचा पूरक, म्हणजे पिवळा. खाली काळा बेस असता तर त्याने तो गिळला असता. तुमच्या गाडीला खाली पांढरा आहे, तो हा पिवळा सगळ्या दिशांना उधळून परत पाठवतो. सरळ परावर्तनाच्या दिशेला फ्लेकचा निळा असतो, दोन्ही मिळून पांढरं शुभ्र. तिथून बाजूला सरकलात की निळा संपला आणि एकटा पिवळा समोर आला. काही पर्ल व्हाइट शेडमधे असा निळसर पर्ल मुद्दाम घालतात, गार पांढरा दिसावा म्हणून. तुमच्या शेडमधे तो असेल आणि बंपरवर एखादा कोट जास्त पडला असेल, तर त्या माणसाने कोड बरोबर मारूनही हेच होणार.

सदाशिव_दुपारी_बंद
सर, तुमच्या वर्गात असतो तर फिजिक्सला काठावर पास झालो नसतो.

गौरी_रेझिन
बाई गं, आत्ता कळलं माझ्या ट्रेचं काय होतं ते! मी कोथरूडला रेझिन आर्टच्या ऑर्डर घेते, आणि पर्ल पावडर रविवार पेठेतून बोहरी आळीतून आणते, तिथे सगळ्या पुड्या उघडून बघितल्या तर एकजात पांढऱ्याच दिसतात, "हा ग्रीन, हा व्हायोलेट" म्हणून दुकानदार देतो आणि आपण विश्वासावर घ्यायचं. मग मी युक्ती काढली, पर्समधे काळ्या कागदाचा तुकडा ठेवते. बोटाला किंचित पूड लावायची आणि कागदावर घासायची, नुसती टाकायची नाही, घासायचीच. घासल्यावर फ्लेक कागदाला आडवे चिकटतात आणि असा हिरवा पेटतो की बास. तेच बोट बिलाच्या पांढऱ्या कागदावर ओढलं की काहीच नाही, तिरकं धरलं तर एक फिकट गुलाबी सावली. इतके दिवस मला वाटायचं की कागदाचाच काहीतरी दोष.

पण माझा दुसरा घोळ आहे. निळी आणि पिवळी पर्ल पावडर मिसळली, हिरवी होईल म्हणून, तर झाली राखाडी-चंदेरी. पावडर नकली का?

निवृत्त_फिजिक्स
गौरीताई, पावडर अगदी असली आहे, म्हणून तर तसं झालं. वॉटरकलरमधे निळा आणि पिवळा मिसळतात तेव्हा दोघेही आपापला वाटा शोषतात आणि शिल्लक राहतो हिरवा. इथे शोषण नाहीच. एका फ्लेकवरून निळा उजेड येतोय, शेजारच्यावरून पिवळा, आणि डोळ्यात पोचेपर्यंत उजेडात उजेड मिसळतो. निळा आणि पिवळा उजेड मिळून पांढरा. हिरवा हवा असेल तर हिरवाच आणा. घासायचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर, बूथवाले मघाशी आडव्या फ्लेकबद्दल बोलले तेच तुम्ही बोटाने केलंत.

जाता जाता सांगतो, अभ्रकाच्या पापुद्र्यांतले हे रंग रॉबर्ट हूकने १६६५ मधेच सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून ठेवलेत. जाडीशी त्यांचा हिशेब पुढे न्यूटनने मांडला.

रोहा_लोकल
काही वर्षं पिगमेंटच्या प्लांटला होतो, आता निगडीला असतो. थर चढतो कसा ते सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं अभ्रक दळलं आणि रंगात बुडवलं की झालं.

अभ्रक ओलं दळतात, कोरडं दळून चालत नाही, कडा तुटतात आणि पापुद्रे ओरखडतात. हेतू असा की पापुद्रे आडवे सुटे व्हावेत, चुरा होऊ नये. मग चाळणी आणि सेटलिंग करून साइज वेगळ्या काढतात. ५ ते २५ मायक्रॉनचा माल रेशमी दिसतो आणि झाकतोही जास्त, १० ते ६० हा नेहमीचा मोतिया, आणि १०० च्या वर गेलात की सुट्टे ठिणगीसारखे कण दिसायला लागतात पण खालचं काही झाकत नाही. जाडी मात्र सगळ्यांची एका मायक्रॉनच्याही आत.

हे पाण्यात ढवळत ठेवायचं, गरम करायचं, आणि टायटॅनियमचं क्लोराइड नाहीतर सल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं, बरोबरीने कॉस्टिक सोडा टाकत पीएच एका जागी धरून ठेवायचा. इथे घाई केली की टायटॅनियम अभ्रकावर बसायच्या ऐवजी पाण्यातच सुटं दाण्यादाण्याने पडतं आणि लॉट दुधाळ होतो, चमक गेली. नीट चाललं तर एकाच केटलमधे, म्हणजे प्लांटच्या मोठ्या भांड्यात, रंग क्रमाने येत जातात, आधी चांदी, मग सोनं, मग लाल, जांभळा, निळा, हिरवा, सरांनी आकड्यात सांगितलं तेच आम्ही डोळ्यांनी बघायचो. मधेमधे सॅम्पल काढून काळ्या-पांढऱ्या कार्डवर ड्रॉडाउन, म्हणजे पातळ पट्टा, ओढायचा, निळ्याचा लॉट असेल आणि जांभळ्यावर असताना डोस बंद केला तर पुढे ढकलता येतो, पण निळा ओलांडून हिरव्याकडे गेला की मागे आणता येत नाही. हिरव्याला टायटॅनियम जास्त लागतं, वेळही जास्त, म्हणून चांदीपेक्षा महाग.

शेवटी गाळून, धुऊन, वाळवून ७०० ते ९०० डिग्रीला भाजतात, तेव्हा थर पक्का होतो. अभ्रकावर टायटॅनियम आपणहून अनाटेज रूपात बसतं. बाहेरच्या कामाला, म्हणजे गाडीला, रुटाइल हे त्याचंच दुसरं रूप हवं, ते जास्त चमकतं आणि उन्हात जास्त टिकतं, त्यासाठी आधी टिन ऑक्साइडचा हलका हात द्यावा लागतो. आणि टायटॅनियमच्या जागी आयर्न ऑक्साइड चढवलं तर ब्राँझ, तांबा, वाइन असे रंग, तिथे मात्र थर उजेड खातोही आणि वाटतोही, म्हणून ते पांढऱ्यावरही गडदच दिसतात.

आपल्या पुण्याचा या धंद्याशी संबंध जुना आहे बरं का. सुदर्शन केमिकलचं मुख्य ऑफिस इथलंच, कारखाने रोह्याला आणि महाडला, इफेक्ट पिगमेंटही बनवतात.

टेकडी_रोज_सकाळी
मस्त धागा. याच्या आधी लोक मोतिया रंग कशाने करायचे? अभ्रक तर आपल्याकडे आयुर्वेदात कधीपासून आहे.

रोहा_लोकल
मासे! फ्रान्समधे १७ व्या शतकापासून माशांच्या खवल्यांतून ग्वानिनचे स्फटिक काढून काचेच्या मण्यांच्या आत लावायचे, खोटे मोती. महागडं काम, किलोभर मालासाठी ढीगभर मासे. नंतर शिशाचा बेसिक कार्बोनेट आला, चमक भारी पण विषारी. मग बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, ते मेकअपमधे अजून चालतं. अभ्रकावर टायटॅनियमचं पेटंट ड्यू पाँटच्या लिंटनला १९६३ मधे मिळालं आणि पुढे तोच रस्ता मोठा झाला. आयुर्वेदातलं अभ्रक भस्म म्हणजे पुन्हापुन्हा जाळून केलेली पूड, तिथे चमक राहिली तर उलट भस्म कच्चं समजतात.

पाचशेची_नोट
मला एक सांगा, ५०० च्या नोटेवरचा तो ५०० आकडा आणि ती तार तिरकी केली की हिरव्याची निळी होते. तो पण अभ्रकच का? गाडीचा पर्ल असा फिरत नाही, हिरवा तो हिरवाच राहतो.

निवृत्त_फिजिक्स
वा, हे निरीक्षण फार कमी लोक करतात. कोन वाढला की थरातलं अंतर कोसाइनने घटतं आणि परतणारा रंग निळ्याकडे सरकतो, हे सगळीकडेच होतं. पण कोन घ्यायचा तो थराच्या आतला! बाहेरून ४५ अंशाने उजेड टाकला तरी २.५ अपवर्तनांकाच्या थरात तो वाकून १६-१७ अंशाने जातो, कोसाइन ०.९६. ५३० नॅनोमीटरचा हिरवा सरकून ५०८ ला पोचला, म्हणजे हिरवाच. आता त्या जागी १.३८ चा मॅग्नेशियम फ्लोराइड घ्या. आत कोन ३१ अंशाच्या आसपास, कोसाइन ०.८६, आणि ५३० चा झाला ४५५. हिरव्याचा निळा!

रंग फिरवणाऱ्या शाईची गाजलेली रचना अशीच आहे, मधे अॅल्युमिनियम, दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइड, वर क्रोमियमचा अगदी पातळ, अर्धपारदर्शक थर. ते व्हॅक्यूममधे चढवावं लागतं, केटलमधलं काम नाही. झेरॉक्सला तर हे जमणारच नाही, तो बिचारा एकाच कोनातून बघतो.

बूथ_नंबर_दोन
सर तुम्ही गेस्ट लेक्चरला या आमच्याकडे, खरंच. आमची पोरं "कलर ट्रॅव्हल" एवढा शब्द बोलतात, का ते कोणालाच माहीत नाही.

आता सगळं अभ्रकावरच असतं असंही राहिलं नाही. गाड्यांत अॅल्युमिना फ्लेक, काचेचे फ्लेक, सिंथेटिक मायका बरंच चालतं. अॅल्युमिना फ्लेकची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. मर्क कंपनीचं झिरॅलिक नावाचं पिगमेंट तेव्हा जगात एकाच ठिकाणी बनायचं, जपानमधे ओनाहामाला, फुकुशिमा प्रांतात. मार्च २०११ च्या भूकंपाने तो प्लांट बंद पडला आणि तिकडे अमेरिकेत फोर्डने टक्सीडो ब्लॅक रंगाच्या ऑर्डर घेणं थांबवलं. गाडी तयार, इंजिन तयार, आणि अडलंय कशावर तर चिमूटभर चमकीवर.

अनघा_क
सगळे चमकीत रमलेत म्हणून जरा कडू बोलते. हे अभ्रक येतं कुठून? झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून आणि शेजारच्या बिहारमधून बरंच येतं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अनेक खाणी कागदावर बंद झाल्या, पण लोक जुन्या ढिगाऱ्यांत आणि बिळांसारख्या खड्ड्यांत उतरून भंगार अभ्रक वेचतात, त्याला तिकडे ढिब्रा म्हणतात, आणि वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात. खड्डे ढासळून माणसं मेल्याच्या बातम्या येतच असतात. २०१७ मधे कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह काढलंय, तरी बोहरी आळीतल्या पुडीवर अभ्रक कुठलं ते लिहिलेलं मी तरी बघितलं नाही.

रोहा_लोकल
अनघाताई, मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. सिंथेटिक मायका, फ्लोरोफ्लोगोपाइट म्हणतात, त्याला हे लागू होत नाही, ते भट्टीत वितळवून बनतं. लोह नसल्यामुळे जास्त पांढरं आणि पृष्ठभागही गुळगुळीत. महाग आहे. पण उद्या सगळ्यांनी झारखंडचं घेणंच बंद केलं तर ती मुलं शाळेत जातील का आणखी वाईट कामाला लागतील, हे मला प्लांटमधे असतानाही कळलं नव्हतं आणि आजही सांगता येत नाही.

अनघा_क
बंद करा असं मी म्हणतच नाहीये. खाणी कायदेशीर करा, वेचणाऱ्या मोठ्या माणसांना नीट भाव द्या, म्हणजे पोरांना खड्ड्यात उतरवायची वेळ येणार नाही. पुडीमागे चार रुपये वाढले तर गौरी काही ट्रे बनवणं सोडणार नाही.

गौरी_रेझिन
नाही सोडणार. आणि पुढच्या वेळी दुकानात विचारणार, उत्तर मिळो न मिळो.

केक_बावधन
मी केक करते, मला पण या पावडरी कोणी ना कोणी विकायला येतं, लस्टर डस्ट म्हणून. डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं. केकवर चालेल ना मग?

रोहा_लोकल
नाही!! नॉन-टॉक्सिक म्हणजे खायचं नव्हे. अभ्रक-टायटॅनियमवालं वेगळं, पण डबीत काय आहे ते नुसतं बघून कळत नाही, त्यात पितळ-तांब्याची पूडही निघते. २०१८ मधे अमेरिकेत ऱ्होड आयलंडला वाढदिवसाच्या केकवरच्या रोझ गोल्ड पावडरने मुलं आजारी पडली होती, तपासलं तर तांबं. डबीवर स्पष्ट फूड ग्रेड, घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा नंबर हे सगळं असेल तरच. युरोपने तर २०२२ पासून खाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडच बंद केलंय. रेझिनसाठी आणलेली पुडी केकच्या टेबलावर येऊच देऊ नका.

मगरपट्टा_सिग्नल
धागा कुठल्या कुठे गेला पण मजा आली. बूथदादा, आता वर्कशॉपमधे जाऊन नेमकं काय मागू?

बूथ_नंबर_दोन
भांडू नका, स्प्रे-आउट कार्ड मागा. पत्र्याच्या पट्टीवर तोच पांढरा बेस मारायचा, मग पट्टीचा एकेक भाग झाकत पर्लचे एक, दोन, तीन, चार कोट चढवायचे, वर क्लिअर. सुकल्यावर ती पट्टी क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) लावून उन्हात धरा आणि सरळ, तिरकं, गुडघ्यावर बसून असं तिन्हीकडून बघा. जो कोट जुळेल तेवढेच कोट बंपरवर. बेसचा पांढरा आधी जुळवायला लावा, तो चुकला तर वर काहीही करून उपयोग नाही. आणि शेजारच्या पॅनेलवर पर्ल थोडा विरत न्यायला सांगा, ब्लेंडिंग म्हणतात, त्याचे पैसे वेगळे मागतील, द्या. कडेपाशी रेष मारून थांबलेला पर्ल जगातला कुठलाही कारागीर लपवू शकत नाही.

पंधरा मिनिटांचं काम आहे असं जो म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.

मूर्ती_कसबा
राम राम. आमचं गणपतीचं काम आहे, घरच्या मूर्ती. पितांबराला पर्ल सोनेरी मारतो. पावडर मी पिवळ्या ऑइल पेंटमधे कालवतो, चमक मरते. जास्त पावडर टाकली तर खरखरीत होतं. काय चुकतंय?

रोहा_लोकल
दादा, पिवळा पेंट अपारदर्शक आहे, त्यातले रंगाचे कण फ्लेकवर बसून उजेड अडवतात, मग पावडर किलोभर टाकली तरी बुडालेलीच राहणार. पिवळा वेगळा मारा, सुकू द्या, आणि पावडर पारदर्शक वार्निशमधे किंवा क्लिअर अॅक्रिलिक बाइंडरमधे कालवून त्यावर पातळ हात द्या. हाताने किंवा ब्रशनेच ढवळा, मिक्सरला लावू नका, फ्लेक तुटले की चमक कायमची गेली.

मूर्ती_कसबा
बरं. आणि शेल्याला मोरपंखी पाहिजे असेल तर? गिऱ्हाईक फोटो दाखवतात, एका बाजूने निळा, एका बाजूने हिरवा.

गौरी_रेझिन
दादा मी सांगते, हे माझं रोजचं आहे. खाली गडद निळा मारा, काळा नको, काळ्यावर भपका फार होतो आणि मूर्तीला शोभत नाही. त्यावर हिरवा इंटरफिअरन्स पर्ल (तीच पांढरी दिसणारी, काळ्यावर हिरवी पेटणारी पूड) वार्निशमधून, एकच पातळ हात, चुण्यांच्या उंच भागावर थोडा जास्त. उजेड पडेल तिथे हिरवा आणि खळग्यात निळा दिसेल. आधी एखाद्या फुटक्या मूर्तीच्या तुकड्यावर करून बघा आणि कारखान्याबाहेर उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

मूर्ती_कसबा
करतो ताई. हिरवा सुटा मिळतो का, किती ग्रॅमपासून?

गौरी_रेझिन
बोहरी आळीत पन्नास ग्रॅमसुद्धा देतात. काळा कागद न्या बरोबर.